त्रेपन्न नावांचं पत्र

अमेरिकेहून परत आलेल्या माणसाला सगळे एकच विचारतात, काय काय पाहिलं? मी धबधबा पाहिला, पुतळा पाहिला, उंच इमारतीच्या टोकावर उभी राहून फोटोही काढून घेतला. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. तुम्ही ते मोबाइलवर माझ्यापेक्षा चांगलं पाहिलेलं असणार. मी सांगणार आहे ते पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या एका पडक्या चर्चबद्दल. तिथं पाटी नाही, तिकीट नाही आणि छप्परही नाही. मुद्दाम वाट वाकडी करून जावं असं ते ठिकाण नाही, आणि मीसुद्धा तिथं चाळीस वर्षं उशिरा गेले.

शुक्रवार, पार्सिपनी

माझी मुलगी मनीषा पार्सिपनीला राहते. ती, जावई आणि माझी सोळा वर्षांची नात इरा. माझा मुक्काम तीन महिन्यांचा होता. ऑक्टोबर उजाडला तसं मनीषानं बेत ठरवायला घेतला.

"आई, लीफ सीझन आहे. तुला व्हरमाँटला नेते. रंग बघून वेडी होशील."

"मला एल्क फर्नेसला जायचंय."

"ते कुठे आलं?" तिनं फोनवर शोधलं. "आई, तिथे काहीच नाहीये. एक सिमेटरी दाखवतंय, बस."

"तेच. आण्णांच्या ओळखीच्या एक बाई तिथल्या होत्या."

हे अर्धं उत्तर होतं. मी तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आणि अर्ध्या उत्तराला कधी पूर्ण गुण दिले नाहीत. मनीषानं मात्र दिले. तिनं लगेच शनिवारचा तिचा योगाचा क्लास कॅन्सल केला आणि तिकडच्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात हॉटेल शोधायला बसली.

पूर्ण उत्तर असं. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी, गावकुसाबाहेर आमची ख्रिस्ती वस्ती. चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. माझे वडील, आण्णा, त्या देवळाचे शिपाई होते: झाडलोट, दिवाबत्ती, रविवारची घंटा. देवळाशेजारी एका खोलीचा दवाखाना होता आणि तो हेलनबाई चालवायच्या. बाई एल्क फर्नेसच्या. लोखंड वितळवायच्या जुन्या भट्टीभोवती वसलेलं त्यांचं ते लहानसं गाव, आणि तिथल्या चर्चचे लोक आमच्या दवाखान्यासाठी पट्ट्या, औषधं, जुने पण धुतलेले कपडे पाठवायचे. आमच्या वस्तीत कुणाला खरूज झाली, कुणाचं पोर जळलं, की बाई जांभळं औषध लावायच्या आणि वर दमही द्यायच्या. मी दहा वर्षांची असताना त्या कायमच्या परत गेल्या.

मग पत्रं सुरू झाली. बाईंची पत्रं इंग्रजीत यायची आणि आमच्या वस्तीत मोडकंतोडकं का होईना, बाईंनी शिकवलेलं इंग्रजी लिहिता येणारी मी एकटी. दर नाताळाआधी आण्णा हातपाय धुऊन, स्वच्छ सदरा घालून ओट्यावर बसायचे आणि मराठीत सांगायचे. मी इंग्रजीत उतरवायची. मजकूर थोडा असायचा. पाऊस किती झाला, बाजरी कशी आली, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं. खरा वेळ लागायचा शेवटाला. वस्तीतला प्रत्येक जण यायचा आणि म्हणायचा, "माझा सलाम घाल." नाव घातल्याशिवाय सलाम पोचत नाही अशी सगळ्यांची समजूत. याकोब, सोनाबाई, दगडू, मार्था, रखमाबाई. म्हाताऱ्या बायका तर कागदावर बोट ठेवून विचारायच्या, "यातलं माझं कुठलं?" मी कंटाळून दहा-बारा नावं लिहायची आणि बाकीच्यांना "घातलं, घातलं" म्हणून वाटेला लावायची. तिकडं एल्क फर्नेसच्या चर्चमध्ये ते पत्र उपासनेत उभं राहून वाचलं जायचं, हे बाईंनी कळवलं होतं. ते मला तेव्हाही आवडायचं नाही.

मी पुण्यात नोकरीला लागले त्या वर्षी बाईंचं शेवटचं पत्र आलं. त्यांचं चर्च बंद होणार होतं. भट्टी केव्हाच थंड झाली होती आणि माणसं उरली नव्हती. शेवटच्या रविवारी त्यांना आमचं पत्र वाचायचं होतं. सगळ्या नावांसकट, असं त्यांनी अधोरेखित केलं होतं. आण्णांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं. त्या दिवशी आमच्या ओट्यासमोर ओळ लागली. मी एकही नाव गाळलं नाही, कारण आण्णा शेजारी बसून मोजत होते. त्रेपन्न भरली. इंग्रजीत नीट उतरवून टाकते म्हणून तो कागद मी पुण्याला आणला.

आणि मी ते पत्र लिहिलं नाही. वेळ नव्हता असं म्हणू शकते, पण वेळ होता. खरं कारण म्हणजे लाज. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी नुकती कुठं सगळ्यांसारखी झाले होते. कुठल्या तरी परक्या गावात, गोऱ्या माणसांसमोर, आमची वस्ती पुन्हा एकदा हात जोडून आभार मानणार आणि ते हात मी इंग्रजीत जोडायचे, हे मला नको होतं. रविवार येऊन गेला. आण्णांनी विचारलं, "टाकलं ना?" मी म्हटलं, "टाकलं." दोन वर्षांनी बाई गेल्याचं कळलं. आण्णा पुढं वीस वर्षं होते आणि पत्र गेलं असंच समजून गेले. तो कागद घर बदलताना कुठं गेला, ते मला माहीत नाही.

शनिवार, डोंगरात

आम्ही तिघी शुक्रवारी रात्रीच स्टेट कॉलेजला पोचलो, तर दुसऱ्या दिवशी तिथं विद्यापीठाच्या फुटबॉलचा सामना होता. गावात खोली सोडा, गाडी लावायला जागा नव्हती. निळे-पांढरे कपडे घातलेली माणसं रस्त्याकडेला शेगड्या पेटवून मांस भाजत बसली होती; आपल्याकडं जत्रेला बैलगाड्या सोडून चुली मांडतात तशी. आम्ही वीस मैल मागं येऊन एका मोटेलात झोपलो. सकाळी मोटेलवाल्यांचा गोड, मऊ पाव कुणाच्या घशाखाली उतरेना, म्हणून मी पिशवीतल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि ठेचा काढला. इरानं भाकरीवर सफरचंदाचा गडद मुरंबा, तिकडं त्याला लोणी म्हणतात, फासून खाल्ला आणि मला घास दिला. मी नाक मुरडूनच घेतला, पण चांगलं लागलं.

त्यानंतर रस्ता अरुंद होत गेला. दोन्हीकडं डोंगर, आणि डोंगरावर झाडं लाल, पिवळी, तांबूस. हे रंग पाहून मनीषाच्या अंदाजाप्रमाणे मी वेडी व्हायला हवी होते. मला नगरचे उघडेबोडके डोंगर आठवत होते, जिथं बाईंनी तीस वर्षं काढली. एवढी झाडं सोडून माणूस तिकडं कसं राहिलं असेल, हे त्यांना कधी विचारलं नाही.

"आई, रेंज गेली यार," मनीषा म्हणाली. "मॅप लोडच होत नाहीये."

"आर वी लॉस्ट?" इरानं मागून विचारलं.

"नाही गं. फक्त कुठे आहोत ते माहीत नाहीये."

एका पेट्रोल पंपावर विचारलं. काउंटरवरच्या बाईंनी आमच्याकडं पाहिलं, माझ्या साडीकडं आणि खालच्या बुटांकडं जरा जास्त वेळ पाहिलं, आणि फोन उचलला. "अर्लला बोलावते. तिथलं गवत तोच कापतो." पंधरा मिनिटांत एक जुनी पिकअप गाडी आली. त्यातून ऐंशीच्या घरातला एक उंच म्हातारा उतरला. हातात भडक नारिंगी रंगाची तीन जाकिटं. शिकारीचा हंगाम सुरू होता, आणि हे न घालता जंगलात शिरलात तर कुणी हरीण समजेल, असं त्यानं सांगितलं. मनीषानं हे मला मराठीत पुन्हा सांगितलं, जणू मी इंग्रजी शिकवलंच नव्हतं. विजार मोज्यात खोचा, गोचीड असतात, हेही अर्लनं सांगितलं. साडी कशात खोचायची यावर त्याच्याकडं उपाय नव्हता. मी कासोटा घातला. नऊवारीच्या घरातली मुलगी मी, पाचवारीत कसाबसा जमवला. इरानं फोटो काढून मैत्रिणींना पाठवायला घेतला. रेंज नव्हती म्हणून वाचले.

देऊळ

चर्च रस्त्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतं, आणि समोर येऊन उभं राहिलं तरी मला दिसलं नाही. मी झाडंच पाहत होते. मग लक्षात आलं की त्या झाडांना कोपरे आहेत. चार दगडी भिंती, त्यांच्यावर बोटभर जाड वेली, आणि आत, जिथं माणसं बसायची तिथं, माझ्या कमरेएवढ्या खोडांची मॅपलची झाडं. खिडक्यांच्या कमानी शाबूत होत्या. एका कमानीतून फांदी बाहेर आली होती. छपराची लाकडं खाली पडून कुजली होती आणि त्यावर मखमली शेवाळ चढलं होतं. पाऊल टाकलं की जमीन दबायची.

"आजी, इट्स जस्ट रॉक्स," इरा हळूच म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं कानातले इअरफोन काढून खिशात ठेवले.

मी असं ठिकाण मनात रंगवलं नव्हतं. बंद असलं तरी कुलूप लावलेलं, रंग उडालेलं, पण उभं असेल असं वाटलं होतं. आमचं देऊळ मातीत बांधलेलं, पत्र्याचं. ते अजून भरतं, नाताळला तर बाहेर मांडव घालावा लागतो. त्याच्या छपरावरच्या पत्र्यांचे पैसेही ज्यांनी धाडले होते, त्यांच्याच देवळावर आता आभाळ होतं. मला रडू आलं नाही, नुसती शरम वाटली. आपल्याकडचं माणूस आजारी आहे हे माहीत असून भेटायला न जाणाऱ्याला वाटत असेल, तशी.

चर्चच्या मागं स्मशानभूमी होती आणि तिथलं गवत मात्र छान कापलेलं होतं. अर्ल मला बाईंच्या थडग्यापाशी घेऊन गेला. मी नाव सांगताच तो कुठंही न शोधता सरळ चालायला लागला होता. साधा राखाडी दगड. नाव आणि दोन सालं. आमच्या गावाचा उल्लेख नाही. आम्ही फुलं आणली नव्हती, हे मला तिथं सुचलं. मनीषा म्हणाली, "अगं, बंच घेता आला असता पंपावर." मी भिंतीपाशी गेले, तिथं एका वेलीला सुंदर लालभडक पानं होती, तीन-तीनच्या झुबक्यांनी. ओंजळभर तोडून आणली आणि दगडावर ठेवली.

अर्ल म्हणाला, "अरे देवा. आता हात कशालाही लावू नका."

ती पॉइझन आयव्ही होती, आपल्या खाजकुयलीची तिकडची थोरली बहीण. त्यानं जवळच्या पिशवीतलं पाणी आणि साबण काढून मला हात कोपरापर्यंत धुवायला लावले. उपयोग झाला नाही. पुढचे पंधरा दिवस दोन्ही हातांवर फोड घेऊन मी पार्सिपनीत बसले होते. बाईंनी लहानपणी कधी मारलं नाही, ते शेवटी मारलं असं मी मनीषाला म्हटलं, पण ते नंतर.

हात धुताना अर्लनं विचारलं, "तुम्ही इंडियात कुठल्या?"

"तुम्हाला माहीत नसेल. हेलनबाई जिथं होत्या ते गाव."

त्याच्या हातातली पाण्याची बाटली तशीच राहिली. "पत्रं यायची ते गाव?"

मी मान हलवली.

"माझी आई ती पत्रं ऐकायला यायची," तो म्हणाला. "प्रवचनाला झोपायची, पत्राला जागी राहायची. तुमच्याकडं पाऊस पडला नाही की आमच्या स्वयंपाकघरात आठवडाभर तीच चर्चा. आणि ते शेवटचं पत्र."

"कुठलं शेवटचं?"

"बंद झालं त्या रविवारी. आम्ही एकोणीस जण होतो. हेलन पुढं उभी राहिली, हातात निळा कागद. पाऊस, पीक, कुणाचं लग्न, सगळं वाचलं. मग म्हणाली, आता ही माणसं तुम्हाला सलाम सांगताहेत. आणि नावं वाचायला लागली." अर्ल हसला. "संपेचनात. आम्हाला एक कळत नव्हतं. पण कुणी जागचं हललं नाही. इथं शेवटी आमची कुणी आठवण काढत नव्हतं हो, कंपनी गेली, पोरं गेली. आणि तिकडं एवढे लोक ओळीत उभे राहून आमची चौकशी करताहेत. आईनं मरेपर्यंत त्यातलं एक नाव लक्षात ठेवलं होतं. सोनाबाय."

मनीषा माझ्याकडं कौतुकानं पाहत होती. "आई, ते तूच लिहायचीस ना? आण्णा सांगायचे आणि तू लिहायचीस."

"मग शेवटचंही तुम्हीच लिहिलंत," अर्ल म्हणाला आणि ओल्याच हातानं माझा हात धरायला पुढं झाला.

मी "हो" म्हणू शकले असते. तिथं मला ओळखणारं, खोटं पाडणारं कुणी नव्हतं. म्हातारा खुश झाला असता, मुलीला आईचा अभिमान वाटला असता, आणि एकदा आण्णांना सांगितलेलं तेच दुसऱ्यांदा सांगायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "ते पत्र मी पाठवलंच नाही. वडिलांना पाठवलं म्हणून सांगितलं. तुमच्या हेलनबाईंना आमच्याकडून काही आलं नव्हतं."

अर्लला कळायला वेळ लागला. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "पण मी ऐकलं. कागद होता तिच्या हातात."

"जुना असेल. नाही तर कोराही असेल."

"आणि नावं?"

"त्यांना पाठ होती."

बाई सोडून गेल्याला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. पंधरा वर्षं मी दरसाल दहा-बारा नावं कशीबशी लिहून पाठवत होते. त्या बाईंनी प्रत्येकाच्या जखमेला हात लावलेला होता. त्यांना कागद लागला नाही. माझी वाट पाहिली असेल, शनिवारपर्यंत पोस्टाच्या पेटीशी गेल्या असतील. आणि मग आमची अब्रू त्यांनी एकट्यानं सांभाळली. मी हात जोडायला लाजत होते, आणि इथं आमचे हात जोडलेले कुणाला दिसलेच नव्हते. त्यांना ओळीत उभी राहून चौकशी करणारी माणसं दिसली होती.

मनीषा फक्त "आई" म्हणाली आणि माझ्या खांद्यावरचं नारिंगी जाकीट उगाच सारखं केलं.

अर्ल म्हणाला, "तुम्हाला येतात का ती?"

म्हणून मी भिंतींच्या आत गेले, पुढं जिथं व्यासपीठ असावं तिथं उभी राहिले. अर्ल एका पडक्या तुळईवर बसला, त्याच्या शेजारी मनीषा आणि इरा. मी सुरुवात केली. याकोब. सोनाबाई, तेव्हा अर्लनं मान हलवली. दगडू. मार्था. रखमाबाई. पौलस आणि त्याची आई भागाबाई. शिवराम. एस्तेर. चौदापर्यंत सरळ गेले, मग अडखळले. डोळे मिटून वस्तीतून चालत गेले, घर घेतलं की माणूस सापडायचा. बाविसाव्या नावाला वाट संपली. दारं दिसत होती, दारात माणसं उभी होती, बोट कागदावर ठेवून विचारत होती. त्यांची नावं येत नव्हती.

"थॅंक यू," मी म्हटलं, आणि खाली उतरले.

निघताना अर्लनं पिशवीभर सफरचंदं दिली आणि एक मागणं केलं. "उरलेली सापडली तर लिहा. मी इथं येऊन वाचीन. उच्चार चुकतील."

नगर, परत आल्यावर

नाताळला गावी गेले. तीन दिवस घरोघर फिरले. तेव्हाची माणसं थोडी, त्यातल्या अर्ध्यांना मागचं काही आठवत नाही. कुणी आजोबांचं नाव सांगितलं, कुणी चुलतीचं. "कशाला हवंय, ताई?" असं विचारलं की मी सगळं सांगायची, आण्णांना खोटं बोलले त्यासकट. एका म्हातारीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आता माझाबी सलाम घाल."

एकेचाळीस झाली. बारा कुणालाच आठवत नाहीत. त्यांची घरं पडली, पोरं मुंबईला गेली, आणि आमच्याकडं थडग्यावर दगड लावायची ऐपत तेव्हा कुणाचीच नव्हती.

जानेवारीत पत्र पाठवलं. पाऊस किती झाला, बाजरी कशी आली, आणि शेवटी नावं, एकाखाली एक, आकडे घालून. एकेचाळीसनंतर बारा आकडे लिहिले आणि त्यांच्यासमोर काही लिहिलं नाही. अर्ल तिथं पोचला की थोडा थांबेल, एवढंच. ती बारा नावं पाठ असलेलं शेवटचं माणूस त्याच्या मागंच, कापलेल्या गवताखाली आहे.